डिझेलची चव

"चव सांग," मालक म्हणाले.

भर दुपारी सायझिंगच्या अंगणात सगळे हमाल हातातलं काम टाकून उभे होते. हिरव्या नळीचं एक टोक पिकअपच्या टाकीत होतं आणि दुसरं माझ्या तोंडात. मी ओढलं. डिझेल तोंडात आलं, थोडं घशाखालीही उतरलं. थुंकायला वाकलो तेवढ्यात मालकांनी माझ्या मानेवर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला.

"थुंकू नगंस. चव घे. डिझेल हाय का रॉकेल?"

"डिझेल हाय, मालक."

"नीट घे की. घाई कुणाला हाय? डिझेल इकून रॉकेल वततोस, तुला चव म्हाईत पायजे."

परशा हमाल हसला, आणि तो हसला तसे बाकीचेही हसले. परशा आणि मी एका ताटात जेवायचो. पण मालक विनोद करत असताना हसायचं नाही, एवढी हिंमत त्या अंगणात कुणाचीच नव्हती. मालकांनी मानेवरचा हात काढला तेव्हा मी भिंतीकडं जाऊन पोटातलं सगळं बाहेर काढलं. त्यावरही हसून झालं.

ही इचलकरंजीतली गोष्ट. सुताला खळ लावून ते भल्या मोठ्या लोखंडी बीमवर गुंडाळून देणारा कारखाना म्हणजे सायझिंग. ते बीम गावातल्या यंत्रमागांवर पोचवायचं काम माझं आणि त्या पिकअपचं. पिकअप दोन मालकांकडं झिजून आमच्याकडं आलेली. तरी वर्षभर बरी चालली आणि मग तिला खोड लागली. बीम भरून निघावं, चार गल्ल्या जाव्यात, की आधी झटके, मग मिसिंग, आणि मग भर रस्त्यात गप्प. मागे रिक्षावाले बोंबलतायत, पुढं मागवाला फोनवर आईबहीण काढतोय, आणि मी बॉनेट उघडून उभा. विडी ओढण्याइतका वेळ थांबून चावी मारली की बया काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

रामलिंग मालक स्वतः एकदा शेजारी बसून आले. निघताना त्यांनी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली. त्या दिवशी गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदा खोकलीसुद्धा नाही. उतरताना मालक एवढंच म्हणाले, "माझ्याम्होरं बरी चालती रं?" मी तिथंच चोर ठरलो. डिझेलची ती परीक्षा त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

मी ओकून भिंतीला टेकलो होतो तेव्हा आप्पा आले. आप्पा म्हणजे मालकांचे वडील. हातमागावर आयुष्य घालवून त्यांनी या सायझिंगची पहिली वीट बसवलेली. आता डोकं साथ देत नव्हतं. मला ते कधी माझ्या नावानं भरमू म्हणायचे, कधी बाबू. बाबू हा त्यांचा फार जुना ड्रायव्हर, मरून गेलेला. आप्पांनी धोतराच्या कनवटीतून गुळाचा खडा काढला आणि माझ्या तोंडात घातला.

"चघळ. वास जातोय," ते म्हणाले. "कुणी पाजलं रं तुला असलं?"

"पडलं तोंडात, आप्पा."

"बघून पीत जा."

त्यांच्या मागून मालकांचा आवाज आला, "आप्पा, घरात व्हा." म्हातारा इतक्या घाईनं वळला की चप्पल पायातून सुटली. त्याला कारण होतं. महिन्यापूर्वी आप्पांनी चालू यंत्रावरचा उभ्या सुताचा ताणा कात्रीनं कापला होता. त्यांना तो गुंतलेला वाटला. मालकांनी त्यांना सुताच्या जुन्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली, ती दिवस मावळल्यावर काढली. खोलीला खिडकी नाही. आप्पा आत आपल्या मेलेल्या आईला हाका मारत होते आणि आम्ही अंगणात बीम भरत होतो. कुणी मालकांना काही बोललं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांदेखत आप्पांना बजावलं, "परत कारखान्यातल्या कशाला हात लावला तर कायमचं तिथंच."

संध्याकाळी मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. मी टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी ड्रॉवर उघडून माझं लायसन काढलं आणि पत्ता पिसावा तसं बोटांत फिरवलं. आमच्याकडं ती रीतच होती. ड्रायव्हर कामावर आला की त्याचं लायसन मालकाच्या ड्रॉवरमध्ये. जत्रेला गावी गेला तर परत यावा म्हणून. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण येत्या सोमवारी कोल्हापुरात माझी एसटीची ट्रायल होती. लेखी पास झालो होतो. वयाची अट त्या वर्षी संपत होती, म्हणजे पुढं पुन्हा नाही. खाकी कपडे, सरकारी पगार, म्हातारपणी पेन्शन. बायको शेजारणीला आधीच सांगून बसली होती. आणि ट्रायलला मूळ लायसन हातात पाहिजे.

"मालक, सोमवारपुरतं तरी द्या."

"देतो की. मी काय तुझं लायसन खातोय?" ते म्हणाले. "गाडीत दोष हाय म्हणतोस न्हवं? शनवारपातूर काढून दाव. सगळ्या हमालांम्होरं दाव. दोष घावला तर लायसन घे आणि जा तुझ्या एसटीत. न्हाई घावला तर तू डिझेलचोर. मग हे लायसन पोलीस ठाण्यात जातंय, आणि तुझ्या मागनं मी गावातल्या सगळ्या सायझिंगला फोन करतोय."

"दोष हाय, मालक."

"मग घावंल की. जा."

इसाकचाचांचं गॅरेज नदीच्या वाटेला होतं. चाचांना गाडीचा राग यायचा नाही, गाडी आणणाऱ्याचा यायचा. मी सगळं सांगितलं तसे ते मलाच शिव्या देत बॉनेटमध्ये वाकले. डिझेलचा फिल्टर आधी बदलला. फरक नाही. मग म्हणाले, एअर धरत असंल. हातपंप मारून मारून पाइपातली हवा काढली, जोड आवळले. बीमच्या वजनाची वाळूची पोती भरून आम्ही फेरीला निघालो. बाजारपेठेच्या चढाला झटके सुरू झाले आणि गाडी भाजीवाल्याच्या पाटीला नाक लावून मेली.

"नोझल," चाचा म्हणाले.

परत आणली. इंजिन चालू ठेवून चाचांनी नोझलचे पाइप एकेक करून ढिले केले. पाइप ढिला केला की इंजिन अडखळायचं, आवळला की सरळ व्हायचं. चारही वेळा तसंच झालं. म्हणजे चारही सिलिंडर जिवंत. चाचांनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"भरमू, खरं सांग. रॉकेल घातलंस?"

मला रडू आलं. मालकांच्या पुढ्यात आलं नव्हतं, इथं आलं. चाचांनी थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाले, "बास झालं. डबा आण."

तेलाच्या रिकाम्या डब्यात डिझेल भरून त्यांनी तो बॉनेटपाशी तारेनं टांगला. टाकीकडून येणारी नळी काढून टाकली आणि डब्यातून सरळ पंपाला नळी जोडली. आम्ही पुन्हा निघालो. त्याच चढाला गाडी अशी चढली की भाजीवाल्यानं घाबरून पाटी उचलली. डबा संपत येईपर्यंत आम्ही फिरलो. झटका नाही, काही नाही.

"इंजान निर्दोष हाय," चाचा म्हणाले. "पोटात काहीतरी हाय तिच्या."

टाकीकडच्या नळीला तोंड लावून त्यांनी फुंकलं. आत बुडबुड आवाज आला, हवा गेली. मग ओढलं. डिझेल थोडं आलं आणि गच्च अडलं. पुन्हा फुंकलं, मोकळं झालं. पुन्हा ओढलं, अडलं. चाचांनी तोंड पुसलं आणि पहिल्यांदा हसले.

"तळाला काहीतरी पवतंय. पंप ओढतो तसं नळीच्या तोंडाला येऊन बसतंय. गाडी बंद पडली की ओढ संपती, ते सुटून बाजूला जातंय. टाकी भरली की हिकडं तिकडं पसरून ऱ्हातंय. म्हणून तुझ्या मालकाम्होरं चालली."

आम्ही टाकी उतरवली, डिझेल काढून घेतलं आणि टाकी उलटी करून हलवली. तोंडातून आधी एक बाहेर पडला, मग दुसरा, मग येतच राहिले. सुताचे बोळे. काळे पडलेले, मेलेल्या उंदरांसारखे फुगलेले. तोंडातली जाळी आधीच्या कुठल्यातरी ड्रायव्हरनं फोडून ठेवली होती, त्यामुळं आत जायला आडकाठी नव्हती.

"हे वाऱ्यानं गेलेलं न्हाई," चाचा बोळा पिळत म्हणाले. "बघ, बांधलाय. कुणीतरी बांधून घातलंय ह्यात."

बोळ्याभोवती लाल धागा गुंडाळून गाठ मारली होती. सगळ्यांना तोच धागा, तशीच गाठ.

त्या सायझिंगमध्ये लाल सुताची कांडी एकाच माणसाच्या कनवटीला असायची. हातमागावर लुगड्याचे काठ विणायचे त्या काळातली कांडी. तिच्यातला धागा घेऊन आप्पा दिवसभर काही ना काही बांधत बसायचे. उघडं भोक म्हणून त्यांना बघवायचं नाही. तेलाच्या बाटलीला बोळा, उंदराच्या बिळाला बोळा, एकदा नळाच्या तोटीलाही बोळा. आणि पिकअपच्या टाकीचं झाकण दिवाळीतच पडलं होतं. मालकांना दहादा सांगितलं, "आणतो" म्हणाले, आणलं नाही. मी वरून प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधली होती. सकाळी मी पुढं दोर आवळत असायचो तेव्हा आप्पा गाडीवरून हात फिरवत मागं जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याची माया आहे. ते पिशवी उचलून बोळा घालत होते आणि पिशवी परत नीट बांधत होते. गाडी खड्ड्यातून गेली की बोळा आत. दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा उघडंच, म्हणून पुन्हा बोळा.

चाचांना मी सांगितलं.

"जाऊन नाव सांग," ते म्हणाले. "लायसन घे आणि सूट. म्हातारा त्याचा बाप हाय, तुझा न्हवं."

"खोलीत घालतील त्यास्नी."

"घालंल. तू कितीदा गेलास कडी काढायला?"

मी नाव सांगायचं ठरवलं. हे मी आजही लपवत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. बायकोपोरं असलेला कुणीही तेच ठरवेल. टाकी धुऊन बसवली, बोळे एका पिशवीत भरले आणि शनिवारी दुपारी चाचांना शेजारी बसवून गाडी सायझिंगवर आणली. वाटेत ती इतकी सुरेख चालली की मी गाणं म्हणत होतो.

मालकांनी शब्द पाळला, सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्यांना तमाशा हवा होता. आप्पा ओट्यावर बसले होते. मी पिशवी मालकांच्या पायाशी उलटी केली.

"हे टाकीत हुतं, मालक. इसाकचाचा हायेत साक्षीला."

मालक खाली वाकले, एक बोळा दोन बोटांनी उचलला. लाल धागा दिसला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना एका नजरेत कळलं. परशालाही कळलं, कारण तो एकदम आपल्या पायांकडं बघायला लागला. चोर पकडायला जमवलेली गर्दी आता मालकांच्या बापाकडं बघणार होती. मालक सावकाश ओट्याकडं गेले आणि बोळा आप्पांच्या नाकापुढं धरला.

"आप्पा, हे तुमचं?"

आप्पांनी बोळ्याकडं पाहिलं, मग मालकांकडं. दोन्ही हात धोतरात लपवले.

"हात लावला कशाला?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "न्हाई लावला."

"कुठली खोली सांगितलेली तुमास्नी?"

म्हातारा उठायला गेला आणि उठता उठता त्याचं धोतर भिजलं. ओट्यावरून ओघळ खाली आला. मग मागं कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू हमालांतून तसंच पसरलं जसं माझ्या तोंडात नळी असताना पसरलं होतं. मालक हसणाऱ्यांना गप करू शकले असते. केलं नाही. बोळा नाकापुढं तसाच धरून उभे राहिले.

"मी घातले," मी म्हणालो.

का म्हणालो ते विचारू नका. दया आली असं लोक म्हणतात, पण दया नव्हती. मला त्या हसण्याचा संताप आला होता. ते थांबवायला हातात दुसरं काही नव्हतं.

हसणं थांबलं. मालक वळले. त्यांच्या तोंडावर मी सुटकेचा श्वास पाहिला, अगदी स्पष्ट पाहिला.

"तू?"

"व्हय."

"ऐकलंसा समद्यांनी?" मालक मोठ्यानं म्हणाले. "गाडी बिघडवून वर दोष काढून दावतोय. अशी जात ही."

इसाकचाचा काहीतरी बोलायला पुढं झाले. मी नको म्हणून मान हलवली. ते थुंकले आणि फाटकाबाहेर निघून गेले. मला वाटत होतं, आता मालक लायसन तोंडावर फेकतील, शिवी देतील आणि सोडतील. त्यांना सगळं कळलं होतं. बापाची अब्रू वाचवली म्हणून एवढं तरी करतील, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात आप्पा ओट्यावरून उतरले. मघाचा म्हातारा तो हा नव्हेच. ताठ झाले होते, डोळे लाल झाले होते. त्यांनी पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"माझ्या गाडीच्या टाकीत बोळं घातलंस?"

"आप्पा," मी म्हणालो.

"गूळ खाल्लास माझ्या हातचा आणि गाडी मारलीस? चोरा!"

चप्पल माझ्या गालावर बसली, मग डोक्यावर, मग तोंडावर. म्हाताऱ्याच्या हातात अजून मागाचा जोर होता. ते नाटक करत नव्हते. त्यांना मनापासून पटलं होतं की मीच घातले. ओठ फुटला. मी हात वर केला नाही. मालकांनीही त्यांना थांबवलं नाही, दमेपर्यंत मारू दिलं. त्या घटकेला माझा सगळ्यांत जास्त राग त्या म्हाताऱ्यावर होता. मालकांवरही तेवढा नव्हता.

दमल्यावर आप्पांनी चप्पल पायात घातली आणि पिकअपकडं गेले. टाकीचं तोंड उघडंच होतं. तोंडावर बांधायची पिशवी चाचांच्या गॅरेजात राहिली होती. आप्पा तिथं थबकले, चुकचुकले. शेजारच्या पोत्यातून टाकाऊ सुताची मूठ घेतली, तळव्यांत घोळून गोल केली. कनवटीची कांडी काढली, लाल धागा दोनदा गुंडाळला, गाठ मारून दातांनी तोडला. मग बोळा टाकीच्या तोंडात घालून अंगठ्यानं दाबून बसवला आणि वरून एक थाप मारली.

"आता कचरा जायचा न्हाई," आम्हां सगळ्यांकडं वळून ते म्हणाले.

परशानं बघितलं, सगळ्या हमालांनी बघितलं, मालकांनी बघितलं. आप्पा हात झाडत उभे होते. कुणीतरी शाबास म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा दिसत होती.

मी तोंडावरचं रक्त पुसलं आणि मालकांपुढं हात पसरला.

"मालक, लायसन."

त्यांनी ते खिशातून काढलं, पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. वरून बटण लावलं.

"चोराला कसलं लायसन?"

"आत्ता बघितलंसा की तुमी. समद्यांनी बघितलं."

"काय बघितलं?" मालकांनी हमालांकडं पाहिलं. "परशा, काय बघितलंस रं?"

परशानं नाही म्हणून मान हलवली. मालकांनी एकेकाला विचारलं. एकेकानं मान हलवली.

"तू तुझ्या तोंडानं कबूल झालास," मालक मला म्हणाले. "मी काय तुझ्या तोंडात घातलं न्हवतं. सोमवारी कोल्हापूरला जा न्हाईतर ठाण्यात जा. नीघ."

मी निघालो. फाटकापाशी पोचलो तोवर त्यांचा आवाज पुन्हा आला, नेहमीच्या, कामाच्या आवाजात.

"परशा, आप्पास्नी सुताच्या खोलीत घे. कांडी काढून घे त्यांची. आणि कडी लाव."

परशानं लावली.